डाव्या कानामागचे केस

अप्पांच्या बॅगेत कपडे कमी आणि हत्यारं जास्त होती. एक लांब पात्याची कात्री, एक दातेरी कात्री, वस्तरा, धार लावायचा चामडी पट्टा, तीन कंगवे, मानेवरचे केस झटकायचा ब्रश आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचं पांढरं कापड, तेही कडक इस्त्रीचं. दुकानाला कुलूप लावताना शेजारच्या चहावाल्याने विचारलंच, "अप्पा, लेकाला भेटायला चाललाय की तिकडे शाखा काढायला?"

"पहिलं गिऱ्हाईक घरातलंच आहे," अप्पा म्हणाले, "मग बघू."

थट्टेत म्हणाले, पण मनातलंच म्हणाले. चव्वेचाळीस वर्षं दोन खुर्च्यांच्या त्या दुकानात उभं राहून या माणसाने आजोबा, बाप आणि नातू अशा तीन-तीन पिढ्यांची डोकी हातावेगळी केली होती. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. माणूस समोरून आला तर अप्पा गोंधळायचे, पाठमोरा दिसला की बरोबर ओळखायचे. आणि एवढ्या सगळ्या डोक्यांत त्यांचं सगळ्यात लाडकं डोकं कुठलं, तर लेकाचं. केस म्हणजे काय, जंगल! कंगवा घातला की अडकलाच. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं झिपऱ्या. जन्मल्यापासून त्या केसांना दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. नोकरीसाठी परदेशी गेल्यावरही सुट्टीत आला की आधी दुकानात यायचा, खुर्चीत बसायचा, मग घरी आईला भेटायला जायचा. आईची त्यावरून बोलणी खायचा ते वेगळंच.

पण त्यालाही आता पाच वर्षं झाली होती. मधल्या काळात आई आजारी पडली. लेकाचे तिकडे कायम राहण्याचे कागद सरकारदरबारी अडकले होते. तेव्हा देश सोडला असता तर परत आत घेतलं नसतं. आईनेच फोनवर बजावलं, "तिथलं सगळं सोडून यायचं नाही. माझी शपथ आहे." त्याने शपथ पाळली. कागद हातात आले तेव्हा आईला जाऊन महिना झाला होता. त्यानंतर बापलेकांमध्ये बोलणं व्हायचं ते असं: "जेवलास?" "हो. तुम्ही?" "झालं." संपलं. बोलका फोन आईचा होता, चेहरा दिसणारा. तो अप्पांनी तिच्या साड्यांबरोबर कपाटात ठेवून दिला आणि आपला बटणांचा जुना फोन वापरत राहिले.

दोन वर्षांनी लेकाने तिकीट धाडलं. अप्पांनी ठरवलं, जायचं, पोराला खुर्चीत बसवायचं, केस कापायचे. बाकी त्या शहरात काय बघायचं असेल ते बघू नाहीतर राहू दे.

विमानतळावर लेक आला तो लोकरी टोपी घालून. थंडी होतीच. घरी पोचल्यावर त्याने टोपी काढली आणि अप्पांचा हात चहाच्या कपावर तसाच थांबला. डोकं सफाचट. एक केस नाही.

"हे काय रे?"

"काही नाही अप्पा, सोपं पडतं. मशीन आहे घरात. दहा मिनिटांत काम होतं."

दहा मिनिटांत! अप्पांना झोंबलं ते हेच. बॅगेतलं पांढरं कापड त्यांनी बाहेरच काढलं नाही.

पहिले दोन दिवस त्यांनी स्वतःची समजूत घातली. गेले असतील केस, काळजीने जातात, वयही चाळिशीकडे झुकलंय. बिचारा लाजत असेल. पण तिसऱ्या दिवशी सकाळी लेक बुटांची नाडी बांधायला वाकला आणि खिडकीचा उजेड सरळ त्याच्या टाळूवर पडला. आता बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण समोर चव्वेचाळीस वर्षांचा कारागीर बसला होता. कपाळापासून मानेपर्यंत काळेभोर खुंट, कुठे एवढीशीही फट नाही. टक्कल पडलेल्या डोक्यावर असे खुंट येत नाहीत. हे रान अजून जसंच्या तसं होतं, मुद्दाम कापून टाकलेलं.

त्यांनी सुनेला हळूच विचारलं. सून प्रयोगशाळेत कामाला होती, साडेसातला घर सोडायची, बोलायची मोजकं पण नीट. ती म्हणाली, "नाही अप्पा, गळले वगैरे नाहीत. तो स्वतःच काढतो."

"का पण?"

ती डबा पिशवीत भरता भरता थांबली. "ते तुम्ही त्यालाच विचारा ना. माझ्याकडून नको."

म्हणजे काहीतरी आहे. आणि काय आहे ते अप्पांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. ज्याच्या बापाचा धंदा केस कापायचा, तो पोरगा डोक्यावर केसच ठेवत नाही. याचा अर्थ आणखी काय निघणार? मोठ्या कचेरीत बसणाऱ्या मुलाला तो धंदाही नको आणि बापाचा हातही नको. सरळ तोंडावर सांगवत नाही म्हणून मशीन. त्या दिवशी ते दुपारचं जेवलेही नाहीत.

दिवसभर घरात कोणी नसे. साडेआठला लेक जायचा, सातला यायचा. घर चौदाव्या मजल्यावर. दार बाहेरून आपोआप लागायचं, म्हणून पहिला आठवडा अप्पांनी उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकलं नाही. दूरचित्रवाणीवर सगळे भराभरा बोलायचे आणि त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. फ्रीज मधेच गुरगुरायचा, तेवढीच सोबत. मग ते खिडकीत उभे राहायचे. चौदाव्या मजल्यावरून माणसं म्हणजे नुसती डोकी. अप्पांना तेच पुरेसं होतं. कुणाचा भांग वाकडा, कुणाचा भोवरा डावा, कुणाच्या टाळूवर चंद्र उगवलेला आणि त्याला पत्ता नाही. तास-तास बघत राहायचे. एवढी डोकी खालून जात होती आणि त्यातलं एकही वर बघत नव्हतं. घर खायला उठतं म्हणतात ना, ते अप्पांना बायको गेल्यावर कळलं होतं. इथे तर सगळं शहरच उठल्यासारखं वाटायचं.

रविवारी लेक आणि सून त्यांना फिरायला नेत. उंच मनोरा झाला, नदीवरचा पूल झाला, संग्रहालय झालं. संग्रहालयात अप्पा दगडी पुतळ्यांना मागून जाऊन बघत होते. "कोरणाऱ्याने समोर जीव ओतला आणि मानेकडे आळस केला," असं त्यांचं मत पडलं. सून खूप हसली. लेकही हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि अप्पांना क्षणभर बरं वाटलं.

पण त्याच दिवशी परतताना घोटाळा झाला. बसमध्ये पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, नुकतेच केस कापून आलेले. आणि कापणाऱ्याने मान झटकलीच नव्हती! कॉलरवर, मानेवर, सगळीकडे बारीक केस. अप्पांनी बराच वेळ नजर दुसरीकडे वळवली. पण हाताला सवय झालेली, तो काय मालकाचं ऐकतो? रुमाल कधी निघाला, मान कधी झटकली आणि वर फुंकर कधी मारली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तो गृहस्थ विंचू चावल्यासारखा उठला. मोठमोठ्याने बोलायला लागला. बस बघत होती. लेक लाल झाला, हात जोडल्यासारखं करत माफी मागत राहिला. पुढच्याच थांब्यावर तिघं उतरले.

"अप्पा, इथे असा कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत हो."

"हात कुठे लावला? रुमाल लावला."

"तेच ते. इथे ज्याचं त्याला बघता येतं. कुणाला कुणाची गरज नसते."

लेक त्रासून बोलून गेला. घरी पोचेपर्यंत विसरलाही असेल. अप्पा मात्र ते वाक्य घेऊनच झोपले.

तरी बाहेर पडायला ते त्यानंतरच लागले. दाराची चावी सुनेने गळ्यात अडकवून दिली. "हरवाल," लेक म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षांत कुणाचा कान कापला नाही, हरवतो कशाला," अप्पा म्हणाले. पाट्या वाचता येत नव्हत्या, पण केस कापायचं दुकान कुठल्याही देशात ओळखू येतं. आरसा, खुर्ची, पांढरं कापड. त्यांनी शहराचा नकाशा तसाच मनात बसवला. घरातून निघालं की डाव्या हाताला काचेचं मोठं दुकान, तिथे सगळे कारागीर काळ्या कपड्यात. तिथून सरळ, दोन खुर्च्यांचं दुकान आलं की उजवीकडे. पुढे बायकांचं. त्याच्या पलीकडे बाग, आणि बागेनंतर परत फिरायचं. दर दिवशी एक दुकान पुढे, असं करत करत तिसऱ्या आठवड्यात ते एका बोळात पोचले. तिथे धुलाईच्या दुकानाला चिकटून एक जुनं दुकान होतं. एकच खुर्ची. अप्पांच्याच वयाचा एक म्हातारा कारागीर हाताने कात्री चालवत होता, करंगळी टेकवून, मनगट न हलवता. अप्पा काचेबाहेर उभे राहून बघतच राहिले. म्हाताऱ्याने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग मानेनेच आत बोलावलं.

भाषा नाही तर नाही. अप्पांनी हवेत कात्री चालवून दाखवली. म्हातारा त्यांच्या करंगळीकडे बघून हसला आणि बाक दाखवला. झालं, दुसऱ्या दिवसापासून अप्पांचं हापिस सुरू झालं. अकराला जायचं, एकला परत. बाकावर बसून गिऱ्हाइकं बघायची. म्हाताऱ्याने छान वळण दिलं की अप्पा मान डोलवायचे, घाई केली की खाकरायचे. शहरात त्यांना ओळखणारा तेवढा एकच माणूस होता आणि त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

एकदा दुकानात कोणी नव्हतं. म्हाताऱ्याने खुर्ची झटकली आणि अप्पांना बसायची खूण केली. अप्पा नको नको म्हणत होते. आयुष्यभर खुर्चीच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला पुढे बसायचं कसं ते कळेना. शेवटी बसले. अंगावर कापड आलं. कोमट बोटांनी त्यांची मान जराशी खाली वाकवली.

आणि अप्पांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. आता बोला! मान वाकवली एवढंच झालं होतं. पण दोन वर्षांत त्यांच्या डोक्याला स्वतःच्या हाताशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. बायकोच्या डोक्यावरून शेवटी त्यांचाच हात फिरत असायचा. औषधांनी तिचे केस पुंजक्यांनी गळू लागले तेव्हा ती म्हणाली होती, "जगाची डोकी करता, माझं एकदा कराच." त्यांनी बॅगेतल्या त्याच वस्तऱ्याने केलं होतं, कुठेही न कापू देता. नंतर डॉक्टरांनी औषधं थांबवली. शेवटच्या आठवड्यात ती बहुतेक झोपूनच असायची आणि अप्पा तिच्या डोक्यावर तळवा ठेवून बसायचे. त्या तळव्याला काय लागलं होतं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

म्हाताऱ्याने आरशात एकदा पाहिलं आणि मग केसांकडेच बघत राहिला. अप्पांना पटलं, हा जातिवंत कारागीर आहे. आपणही असंच करत आलो. खुर्चीत बसलेला माणूस समोर बघत असतो, आपण मागे असतो, नजरेला नजर नसते. बायकोला सांगत नाहीत ते लोक तिथे बोलून जातात. आणि आपण? आपण पोराला सहा आठवडे जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवून विचारायची वाट बघतोय. अशाने सात जन्मांत बोलायचा नाही तो. हे शहाणपण त्यांना धुलाईच्या दुकानाशेजारच्या खुर्चीत सुचलं.

तरीही धीर व्हायला शेवटचा रविवार उजाडला. मंगळवारी विमान. सकाळी लेक आंघोळीआधी आरशापुढे उभा राहून डोक्यावर मशीन फिरवत होता. दार उघडं होतं. अप्पा बाहेर येऊन उभे राहिले. दोन महिने ते रोज बघत होते: डाव्या कानामागे बोटभर केसांची एक पट्टी हमखास राहायची. मशीन तिथे वळत नाही आणि स्वतःच्या डोळ्यांनी ती जागा दिसत नाही. कोणी सांगणारं नसेल तर जन्मभर राहील.

"राहिलंय," अप्पा म्हणाले.

"काय?"

"डाव्या कानामागे. रोज राहतं."

लेकाने बोटाने चाचपलं. "अरे, खरंच की." त्याने मशीन पुन्हा तिकडे नेलं, पुन्हा राहिलं. मग तो आरशातूनच बापाकडे बघत म्हणाला, "तुम्ही बघता का जरा?"

अप्पांनी 'हो' म्हणायच्या आत स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीपाशी ओढली होती. बॅगेच्या तळातून पांढरं कापड निघालं, इस्त्रीच्या घड्या तशाच. वस्तरा पट्ट्यावर चार वेळा फिरला. सून दारात आली, तिने बघितलं आणि परत आत गेली. अप्पांनी लेकाची मान दोन बोटांनी खाली वाकवली. जंगल नव्हतं, पण डोकं तेच होतं. मागचा उंचवटा तोच, लहानपणी पायरीवरून पडल्याची खूणही तिथेच.

कानामागची पट्टी निघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. अप्पांनी सगळंच डोकं नव्याने करायला घेतलं. वस्तरा कपाळापासून टाळूपर्यंत येऊन पोचला.

"केस चांगले येतायत की रे," अप्पा म्हणाले, आवाज होईल तेवढा साधा ठेवून. "एक जागा मोकळी नाही. मग का काढतोस? माझा धंदा आवडत नाही का तुला?"

लेकाचे खांदे कापडाखाली एकदम ताठ झाले. "काहीतरीच काय अप्पा!"

"मग?"

तो खिडकीबाहेर बघत होता. नजरेला नजर नव्हती.

"तुम्ही आईचं डोकं केलंत त्या दिवशी ती माझ्याशी फोनवर बोलली. तुम्ही दुकानात गेला होतात. म्हणाली, आरशात बघवत नाही रे. मी फोन तसाच चालू ठेवला आणि तिच्यासमोर सगळे काढून टाकले. म्हटलं, बघ, आता आपण दोघं सारखे." तो थांबला. "खूप हसली. म्हणाली, अप्पांना सांगू नकोस, मशीन लावलंस म्हणून चिडतील. मग म्हणाली, माझे आले की तूही वाढव."

वस्तरा थांबला होता.

"तिचे आलेच नाहीत," लेक म्हणाला. "येऊन भेटलो नाही. एवढं एक तरी पाळावं म्हटलं."

अप्पांनी वस्तरा मिटवून खिडकीत ठेवला. इतके दिवस आपण काय समजत होतो आणि काय निघालं! त्यांना स्वतःची बिनपाण्याने करावीशी वाटली. मग त्यांनी लेकाच्या डोक्यावर तळवा ठेवला, जसा तिच्या डोक्यावर ठेवायचे तसा.

"आले होते," ते म्हणाले.

"काय?"

"तिचे केस. औषधं थांबल्यावर, शेवटच्या आठवड्यात. दिसत नव्हते कुणाला, डॉक्टरलाही नाही. पण माझा हात आहे हा. मऊ लव लागायची तळव्याला, तान्ह्या मुलाची असते तशी. सगळीकडून यायला लागले होते रे. अगदी नीट येत होते."

लेकाने मान वर केली नाही. कापड मात्र हलायला लागलं. अप्पा मागेच उभे राहिले, पुढे आले नाहीत. कारागिराने अशा वेळी पुढे यायचं नसतं. पण त्यांचेही अश्रू त्या स्वच्छ केलेल्या डोक्यावर पडले आणि ते त्यांनी ब्रशने नाही, हातानेच पुसले.

मंगळवारी विमानतळावर बोलणं झालं ते नेहमीचंच. "जेवून घ्या विमानात." "हो. तूही." काचेच्या दरवाजातून आत गेल्यावर अप्पांनी एकदा वळून बघितलं. गर्दीत ते डोकं लांबूनही ओळखू येत होतं. लेक टोपी घालायला विसरला होता.

घरी पोचल्यावर कुलूप काढलं, आणि घर होतं तसंच गप्प उभं होतं. अप्पांनी कपाट उघडलं. साड्यांमधून बायकोचा फोन काढला, रात्रभर चार्जिंगला लावला आणि सकाळी दुकानात घेऊन गेले. पाच-सहा दिवसांनी, नुकतंच दुकान उघडलं होतं, तो फोन वाजला. पडद्यावर लेकाचा चेहरा आला. डोक्यावर काळी छटा दिसत होती.

"अप्पा, मशीन सापडत नाहीये माझं. तुम्ही गेल्यापासून शोधतोय, सगळं घर पालथं घातलं. तुम्ही कुठे ठेवलंत का?"

अप्पांनी आरशासमोरच्या फळीकडे बघितलं. कात्री, वस्तरा, तीन कंगवे, आणि शेवटी ते काळं मशीन, त्याची वायर नीट गुंडाळलेली.

"माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

"तुमच्याकडे? अहो पण..."

"न्यायला ये," अप्पा म्हणाले. "दुकान आठला उघडतं."